तिसऱ्या रविवारची हरकत

“मग तराजूचं वचन माणसानं वापरायचं तरी कुठं, अप्पा?”

शमुवेल उजागरेनं प्रश्न विचारला खरा, पण उत्तरासाठी नव्हे. उत्तर त्याच्याकडं तयार होतं. ते ऐकवायलाच तो बुधवारी संध्याकाळी, वर्ग भरायच्या कितीतरी आधी, मिशन कंपाउंडात येऊन थडकला होता.

अप्पा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

अप्पा म्हणजे रेव्हरंड यशवंत आढाव. पाळकपदावरून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, पण दर बुधवारचा नीतिसूत्रांचा वर्ग काही त्यांनी सोडला नव्हता. त्या वर्गाची रीत न्यारी होती. अप्पा बायबलातलं एकच वचन द्यायचे. अर्थबिर्थ सांगायचे नाहीत. वचन घरी न्यायचं, आठवडाभरात कुठंतरी वापरायचं, आणि पुढच्या बुधवारी येऊन कुठं वापरलं ते सांगायचं. न वापरता आलेल्याला पुढचं वचन नाही. रागाच्या वचनावर सोनवणेकाका कित्येक पावसाळे अडकून पडले होते, आणि त्याचाच त्यांना फार राग यायचा.

शमुवेल मात्र कधीच अडकला नाही.

मुंगीचं वचन मिळालं, तर त्यानं पहाटे उठून दुकान उघडलं आणि शटरच्या आवाजानं सगळ्या आळीला कामाला लावलं. शेजाऱ्याविषयीचं मिळालं, तर शेजाऱ्यानं न मागताच आपली शिडी त्याच्या दारात नेऊन ठेवली. ती आता हलवायची कुठं, या काळजीत शेजारी बरेच दिवस होता.

त्याचं बाजारपेठेत वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. उजागरेच्या हातून गेलेला काटा केसभरही झुकत नाही, असं व्यापारी म्हणत. व्यापारी म्हणाले नाहीत, तर तो स्वतः म्हणे.

त्यामुळं ‘खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो’ हे तराजूचं वचन वाट्याला आलं तेव्हा त्याची छाती फुगली. हे तर घरचंच! शिवाय अप्पा आता थकले होते. हा वर्ग लवकरच कुणाच्या तरी हाती सोपवणार, असं त्यांनीच बोलून दाखवलं होतं. ते ‘कुणाच्या तरी’ म्हणजे कुणाच्या, याबद्दल शमुवेलच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“बोल,” अप्पा म्हणाले. “कुठं वापरलंस?”

“देवळात. भर उपासनेत.”

अप्पांचा अंगठा शेंगेवर थांबला.

त्या रविवारी अंगात कणकण होती म्हणून अप्पा घरीच होते. पण अख्ख्या कंपाउंडाच्या तोंडी जी गोष्ट होती, ती त्यांच्या ओट्यापर्यंत आली नसेल असं होणं नाही. तरी ते एवढंच म्हणाले, “सांग.”

शमुवेलनं सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं.

मंडळीत कुणाचं लग्न ठरलं, की लागोपाठ तीन रविवार उपासनेत त्याची सूचना वाचतात. मुलीचं नाव, मुलाचं नाव, वय, गाव. वाचून झालं, की पाळक विचारतात, कुणाची हरकत आहे का? हरकत कधी कुणाची नसते. लोक तेवढ्यात गीतांच्या पुस्तकात पुढचं गीत शोधून घेतात.

या रविवारी लाजरस अमोलिकांच्या मार्थाची दुसरी सूचना होती. नवे पाळक वाचत होते, ‘कुमारी मार्था लाजरस अमोलिक, वय वर्षे अठ्ठावीस...’

“आणि मी उभा राहिलो,” शमुवेल म्हणाला. “म्हटलं, माझी हरकत आहे. मुलीचं वय अठ्ठावीस नाही, बत्तीस आहे.”

“मग?”

“मग काय, सगळं देऊळ चिडीचूप! रडणारी पोरंसुद्धा गप्प झाली, अप्पा.”

“मार्था कुठं बसली होती?”

“पुढंच. बायकांच्या बाजूला.”

“काय करत होती?”

“काय करणार? खाली बघत होती.”

“आणि लाजरस?”

“ते उठून बाहेर गेले. खोटं उघडं पडलं, की माणसाला बसवत नाही.”

“आणि मुलाकडचे?”

“मुलाचे, म्हणजे सिलासचे, चुलते आले होते संगमनेरहून, बर्नबास भालेराव. म्हणाले, आता आम्हांला विचार करावा लागेल. मी म्हणतो, करावाच. खोट्या मापावर संसार उभा राहू नये.”

हे शेवटचं वाक्य त्याचं त्यालाच इतकं आवडलं, की त्यानं ते पुन्हा एकदा म्हटलं.

अप्पांनी फोडलेले दाणे त्याच्यापुढं सरकवले. शमुवेलनं मूठभर घेतले. शाबासकीच्या आधी काहीतरी खायला देण्याची अप्पांची पद्धतच होती, असं त्याला वाटलं.

“तुझ्या दुकानात काटा आला,” अप्पांनी विचारलं, “की आधी काय करतोस रे?”

धंद्याचं विचारल्यावर शमुवेल आणखी खुलला. “आधी रिकामा बघायचा. दोन्ही पारड्यांत काही नसताना काटा मधोमध उभा राहतो का, ते पहिलं. ते न बघता कुणी वजन टाकलं, तर समजावं कच्चा माणूस.”

“का?”

“अहो, पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवलेला असतो! एवढासाच. वरून दिसत नाही. वजनं खरी, माल खरा, आणि माप सगळं खोटं. गिऱ्हाईकाला पत्ताही लागत नाही. कधीकधी तर दुकानदारालाही ठाऊक नसतं. बापानं कधीतरी लावलेला असतो, पोरगा तसाच तोलत बसतो वर्षानुवर्षं.”

“अस्सं.”

अप्पांनी एक शेंग फोडली. आत दाणे नव्हते. त्यांनी ती बाजूला टाकली.

“मार्थाचं वय तुला कसं ठाऊक?”

“वाः! एका वर्गात होतो आम्ही. रविवारच्या शब्बाथ शाळेतही बरोबरच.”

“हो, हो. मीच शिकवायचो नाही का तुम्हांला...” अप्पा आठवत असल्यासारखे वर आढ्याकडं बघू लागले. “एकदा नीतिसूत्रांच्या पाठांतराची स्पर्धा घेतली होती. लाल कडांचं बायबल ठेवलं होतं बक्षिसाला. केवढं छान बायबल होतं ते.”

शमुवेल दाणे चावायचा थांबला.

“कुणाला मिळालं रे ते? म्हातारपणी आठवत नाही बघ.”

अप्पांना सगळं आठवत होतं. कंपाउंडातल्या कुठल्या पोराला कधी गोवर आला, तेसुद्धा आठवत होतं.

“कुणाला मिळालं, शमू?”

“...तिला.”

“आणि दुसरा कोण?”

“एक शब्द चुकला होता माझा, अप्पा! एकच! आणि तोही तुम्ही मध्येच खोकलात म्हणून...”

तो थांबला.

बाजारपेठेत ज्याला व्यापारी वचकून असत, त्या माणसाचा आवाज चड्डीतल्या पोरासारखा चिरकला होता. त्याचा त्यालाच तो ऐकू आला. कान तापले. हातातले दाणे त्यानं हळूच परत सुपात ठेवले.

...

मग मान वर करून तो म्हणाला, “पण म्हणून तिचं वय अठ्ठावीस होत नाही.”

“नाही होत.”

“मी खोटं बोललो का?”

“नाही बोललास.”

“मग माझं चुकलं काय?”

अप्पा शेंगा फोडत राहिले.

शमुवेलला आता तिथं बसवेना. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त रागही येत होता. अप्पांचा, त्या बायबलाचा, त्या खोकल्याचा. पण उठायचं म्हणजे हार मानायची. तो बसून राहिला. मग त्याला रविवारची मार्था दिसली. खाली बघत होती म्हणजे नेमकं काय करत होती, ते त्यानं अप्पांना सांगितलं नव्हतं. ती सूचना ऐकताना हसत होती. तो बोलला आणि ते हसू तिला कुठं ठेवावं कळेना, म्हणून तिनं मान खाली घातली होती. हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचं त्याला आता फार वाईट वाटलं.

“मी क्षमा मागतो तिची,” तो म्हणाला. “येत्या रविवारी. सगळ्यांसमोर.”

“ते तू ठरवू नकोस. तिला विचारून ये.”

“आत्ता?”

“मग काय चौथ्या रविवारी?”

अमोलिकांचं घर कंपाउंडाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तेवढ्या वाटेत शमुवेलच्या डोक्यात क्षमायाचनेचं भाषण तयार झालं. नुसतं तयार नाही, फर्मास झालं. नम्रतेची दोन वचनं त्यात अध्यायासकट चपखल बसली. आपण हे बोलू तेव्हा बायका डोळे पुसतील, नवे पाळक चष्मा काढतील, हे त्याला चालता चालता दिसू लागलं. फाटक उघडेपर्यंत त्याची मान पुन्हा ताठ झाली होती.

मार्था अंगणात खाटेवरचे पापड गोळा करत होती. कन्याशाळेत गणित शिकवणारी बाई. आवाज चढवण्याची तिला कधी गरज पडत नसे.

“सलाम,” शमुवेल म्हणाला.

“सलाम.” तिनं हात थांबवला नाही.

“मार्था, मी...”

“वय मी सिलासला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “त्याला ठाऊक आहे. त्याच्या आईला ठाऊक आहे. सूचनेत बाबांनी कमी लिहून दिलं. एवढी वर्षं पोर घरात राहिली, हे सगळ्या मंडळीपुढं वाचलं जाईल, याची त्यांना लाज वाटत होती. मला पहिली सूचना ऐकल्यावर कळलं. मी त्यांना समजावत होते. ऐकलंही होतं त्यांनी. सोमवारी स्वतः जाऊन पाळकांना सांगणार होते.”

“सोमवारी...”

“हो. तू रविवारी उठलास.”

शमुवेल खाटेवरच्या पापडांकडं बघत राहिला.

“मला एकदा विचारलं असतंस, तर इथंच दारात सांगितलं असतं. रोज येताजाता भेटतोस की.”

हे खरं होतं. दूध आणायला जाताना रोज सकाळी ती त्याच्या दुकानावरून जायची.

“मी रविवारी उभा राहून जाहीर क्षमा...”

“नको.”

“मनापासून मागतोय.”

“माग. इथं माग. मला मागितलीस, मी केली. आता रविवारचं ऐक.” ती पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. “मला हे लग्न हवंय, शमू. सिलास मला आवडतो. बर्नबासकाकांना बापाची जागा देतो तो, त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. ते येणार आहेत रविवारी, तू पुन्हा उठतोस का एवढंच बघायला. तू उठलास, अगदी क्षमा मागायला उठलास, तरी पुन्हा माझं वय, बाबांचं खोटं, सगळं चर्चेला येईल, आणि ते सिलासला घेऊन निघून जातील. तू आलाच नाहीस, तर म्हणतील, आणखी काहीतरी झाकलंय. म्हणून ये. पुढच्या बाकावर बस. आणि बसूनच राहा.”

“काहीच बोलायचं नाही?”

“काहीच नाही.”

“नुसतं एक वाक्य...”

“शमू.”

त्यानं मान डोलावली.

घरात लाजरसकाका भिंतीकडं तोंड करून निजले होते. रविवारपासून ते बाहेर पडले नव्हते. शमुवेल वळला, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला.

“कोण आहे गं? चहा तरी दे त्याला.”

शमुवेल चहा न घेता निघाला.

...

तिसऱ्या रविवारी देऊळ ईस्टरसारखं भरलं होतं. एरवी सणावारीच दिसणारी माणसंही वेळेआधी येऊन बसली होती. आज काहीतरी होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अप्पा काठी टेकत आले आणि मागं बसले.

शमुवेल पुढच्या बाकावर. पलीकडं, लग्नघरासाठी राखलेल्या बाकांवर, मार्था. तिच्या मागं भालेराव मंडळी. सिलास, आणि त्याच्याशेजारी मोठ्या मिशांचे बर्नबासकाका, हाताची घडी घालून. लाजरसकाका आले होते. मार्थानंच त्यांना हाताला धरून आणलं होतं आणि शेजारी बसवलं होतं.

पाळकांनी सूचना वाचली. ‘...वय वर्षे बत्तीस...’

कुजबुज झाली. पाळक थांबले, कुजबुज विरेपर्यंत.

“कुणाची काही हरकत असल्यास...”

सगळ्या मंडळीच्या माना एकदम शमुवेलकडं वळल्या. बर्नबासकाका तर बाकावर अख्खे फिरून बसले.

“आता उठतोय बघ,” मागून कुणीतरी म्हणालं.

ते फर्मास भाषण शमुवेलच्या घशाशी आलं होतं. शब्द न् शब्द पाठ. एकही चुकला नसता. त्यानं बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. आपण वाईट माणूस नाही, हे या सगळ्यांना कळायला नको का? दोन वाक्यांत कळलं असतं. लोक त्याला मत्सरी समजत होते, आणि त्याला समजावून सांगायची बंदी होती. असला जाच त्याला जन्मात झाला नव्हता.

त्यानं नजर वळवली, ती लाजरसकाकांच्या हातांवर गेली. गीतांचं पुस्तक त्यांनी मिटून धरलं होतं, आणि ते थरथरत होतं.

शमुवेलच्या घशातलं भाषण तिथंच विरलं. काही बोलावंसंच वाटेना. हे हात थांबावेत, एवढं मात्र वाटलं.

पाळक गरजेपेक्षा जास्त थांबले.

शमुवेल उठला नाही.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की सगळे आपल्याकडं बघताहेत, आणि आपण उठत नाही आहोत. किती अवघड आहे हे! दुसऱ्या कुणाला जमलं असतं का? त्याची पाठ सरळ झाली. मान वर आली. त्यानं ओठ असे मिटले, की मागच्या बाकावरूनही दिसावेत. डोळे मिटले. उजवा हात सावकाश उचलून छातीवर ठेवला, आणि नाकानं एक दीर्घ श्वास घेतला. पार मागं बसलेल्या सोनवणेकाकांनासुद्धा तो ऐकू गेला.

“हरकत नाही,” पाळक म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

बर्नबासकाका पुढं वळले. थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी पुढं वाकून लाजरसकाकांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुढचं गीत कितवं आहे ते विचारलं. लाजरसकाकांना पुस्तकात ते सापडेना. मार्थानं काढून दिलं. ती पुन्हा हसत होती, आणि या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

उपासना सुटल्यावर अंगणात हीऽ गर्दी. भालेराव आणि अमोलिक एकत्र उभे राहून मांडवाचं बोलत होते. शमुवेलकडं कुणी फिरकलं नाही. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. तो अप्पांना शोधत होता. अप्पा पायऱ्या उतरत होते. त्यानं धावत जाऊन त्यांचा हात धरला.

“बघितलंत, अप्पा?”

“काय रे?”

“एक शब्द बोललो नाही! जमलेल्या सगळ्या मंडळीनं रोखून बघितलं, बर्नबासकाकांनी बघितलं, पण मी हू की चू केलं नाही. भाषण तयार होतं, अप्पा. सगळं गिळलं. गीतसुद्धा गायलो नाही, न जाणो मध्येच तोंडून काही निघालं तर!”

अप्पा शेवटची पायरी उतरले. काठी नीट टेकवली.

“लग्न वाचलं,” शमुवेल म्हणाला. “आता त्या बुधवारच्या वर्गाचं कसं करायचं?”

अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत माया होती, आणि मिश्कीलपणाही होता.

“वर्गाचं बघू रे... आधी मला सांग, पाळक थांबले होते तेव्हा, पुढच्या बाकावर एवढ्या मोठ्यानं गप्प कोण बसलं होतं?”